वाचकांचे प्रश्न : जुना टेलिहँडलर आणि नवा रंग

प्रश्न : सप्रेम नमस्कार. फलटण तालुक्यात माझा मुरघासाचा छोटा व्यवसाय आहे. २० गुंठे जागा, त्यात ४० बाय ६० फुटांचं पत्र्याचं शेड, दार १२ फूट उंच आणि १० फूट रुंद. बाकी आवार मुरमाचं. मक्याची कुट्टी जंबो बॅगेत दाबून भरतो, एक बॅग ८०० किलोच्या आसपास जाते. आठवड्याला तीन गाड्या, एका गाडीत १२ बॅगा. उचलायला बाहेरून जेसीबी बोलावतो. ताशी ११०० रुपये घेतो, आणि सकाळी आठ म्हटलं की अकराला येतो. तोवर ट्रकवाला माझ्या डोक्यावर बसलेला असतो. म्हणून जुना टेलिहँडलर (लांब हाताने, म्हणजे बूमने, वजन वर आणि पुढं नेणारं मशिन) घ्यायचं ठरवलं आहे. पुण्याजवळ एका विक्रेत्याकडे २०१६ चा आहे, ३ टन ७ मीटरचा. मीटरवर ३,८४० तास, रंग नवा कोरा, साडेबारा लाख सांगतो. मेव्हण्याने नाशिकला दुसरा शोधला आहे, लहान, अडीच टन ६ मीटरचा, बाहेरच्या देशातून जुनाच आणलेला. तो दहा लाखांत देतो म्हणतो, पण कागदांचं ‘करून देऊ’ असं आहे. शेजारी म्हणतो ट्रॅक्टरला लोडर बसव, काम भागेल. काय करू? आणि बघायला गेलो तर नेमकं काय बघू?

उत्तर : तुमचं पत्र वाचून बरं वाटलं. बहुतेक जण मला मशिनचा फोटो पाठवतात आणि ‘कसा आहे?’ विचारतात. तुम्ही दाराची उंची पाठवलीत.

आधी पैशांचं बघू, कारण त्यात तुमची थोडी निराशा होणार आहे. १२ बॅगांना तासभर धरला तर तीन गाड्यांचे तीन तास. बॅगा भरल्यावर शेडमध्ये लावणं, पुढं-मागं करणं यात आणखी पाच तास. म्हणजे आठवड्याला आठ, वर्षाचे ४०० तास. जेसीबीवाल्याला त्याचे ४ लाख ४० हजार जातात. स्वतःचं मशिन घेतलंत तर ताशी पाच लिटर डिझेल ९० रुपयांनी धरून १ लाख ८० हजार. ऑइल, फिल्टर, होज पाइप, टायर आणि विमा यांचा लाखभर बाजूला ठेवा, जुन्या मशिनला तेवढा लागतोच. उरले १ लाख ६० हजार, तेही तुम्ही किंवा घरातलं कोणी मशिन चालवणार असेल तर. ऑपरेटर पगारी ठेवलात की हिशोब तिथंच संपला. साडेबारा लाख फिटायला व्याज सोडून आठ वर्षं. म्हणजे पैसे वाचतील म्हणून हे मशिन घेऊ नका. आठची गाडी आठला भरून निघेल आणि ट्रकवाला पुन्हा तुमच्याकडं यायला तयार असेल, यासाठी घ्यायचं असेल तर घ्या. ते कारण मला पटतं.

शेजाऱ्याचा सल्ला वाईट नाही, पण तो तुमच्या कामाला नाही. तुम्ही ८०-१०० किलोचे गोल गठ्ठे विकत असतात तर मीच म्हटलं असतं, ट्रॅक्टरला लोडर बसवा आणि झोपा. पण ८०० किलोची बॅग लोडरच्या टोकाला टांगून ट्रकच्या फाळक्यावरून आत न्यायची म्हणजे ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी होतात आणि पुढचा एक्सल रडतो. लोडर वर जातो, पण पुढं सरकत नाही. टेलिहँडलरला आपण पैसे देतो ते याच एका गोष्टीचे : त्याचा बूम पुढं सरकतो. १९७७ साली ब्रिटनमध्ये जेसीबी कंपनीने आपला पहिला टेलिहँडलर काढला, आणि तिकडच्या शेतकऱ्यांनी तो गंजीवर गठ्ठे रचायला उचलून धरला, तो याच गुणासाठी. फोर्कलिफ्ट घ्यायची म्हटली तर तिला खाली काँक्रीट लागतं. तुमच्याकडं मुरूम आहे.

पण जो गुण तोच धोका. तुम्ही ‘३ टन ७ मीटर’ असं एका दमात लिहिलंय. मशिन ३ टन उचलतं आणि ७ मीटर वर नेतं हे खरं आहे, पण दोन्ही एकदम नाही. जेसीबीच्या नावातच ते असतं. ५३०-७० म्हणजे ३ टन आणि ७ मीटर. मॅनिटू कंपनीच्या ६२५ मध्ये आकडे उलटे वाचायचे, ६ मीटर आणि अडीच टन. हे दोन्ही त्या मशिनचे सगळ्यात चांगले दिवस आहेत. बूम आत असताना ३ टन. बूम पूर्ण पुढं काढला की त्याच वर्गातलं मशिन सव्वा टनावर येतं. लहान मशिन आणखी खाली येतं. केबिनमध्ये काचेजवळ किंवा दारावर एक तक्ता चिकटवलेला असतो, चौकटी-चौकटींचा, त्यात बूमचं चित्र. तो लोड चार्ट. तो फाटलेला, पुसलेला किंवा दुसऱ्याच मॉडेलचा असेल तर तिथंच कान टवकारा.

तुमच्या कामाचं गणित मी कागदावर मांडून बघितलं. ट्रकचा तळ जमिनीपासून अंदाजे १.३ मीटर, फाळका आणखी ०.९. बॅगेचा बुडखा त्याच्यावरून जायला हवा. बॅग १.२ मीटर, वरचे पट्टे ०.४. म्हणजे फोर्क (बूमच्या टोकाचे काटे) ३.८ मीटरवर. ६ मीटरचं मशिनसुद्धा भरपूर झालं, ७ चं तर चैन. आता पुढं किती जायचं? पलीकडच्या ओळीतली बॅग ट्रकच्या अलीकडच्या कडेपासून १.८ मीटर आत, आणि आपलं चाक ट्रकपासून फूटभर लांब. झाले २.१ मीटर. तेव्हा विक्रेत्याला ‘किती टन उचलतो’ हे विचारूच नका. ‘४ मीटर वर आणि २.१ मीटर पुढं, तिथं किती?’ असं विचारा आणि चार्टवर बोट ठेवून दाखवायला सांगा. तिथं जो आकडा मिळेल त्यातून बॅग टांगायचा हूक किंवा जिब (टांगायचा छोटा दांडा) जे लावाल त्याचं वजन वजा करा. उरलेला आकडा १००० च्या खाली असेल तर ते मशिन तुमचं नाही, मग कितीही स्वस्त असो. ८०० ची बॅग पावसात भरली की ८०० ची राहत नाही हे तुम्हाला मी सांगायला नको.

आणि चार्ट खरा असतो तो कडक, सपाट जमिनीवर. तुमचा मुरूम पावसाळ्यात कसा होतो ते मला माहीत नाही, तुम्हाला माहीत आहे. खाली काळी माती असेल आणि मुरूम वीतभरच असेल, तर साडेबारातले दोन लाख आधी ट्रक उभा राहतो त्या पट्ट्यावर खडी दाबायला घाला. एका बाजूचं चाक चार बोटं खचलं की वर बूमच्या टोकाला ते वीतभर होतं.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. शिरोलीच्या एमआयडीसीत मी ३१ वर्षं हायड्रॉलिकचं काम करतो, आणि एकदा स्वतःच फसलो आहे. वर्कशॉपला लागतो म्हणून एक जुना टेलिहँडलर घेतला. कोणाकडून घेतला ते जाऊ द्या. दोन महिने झक्क चालला. एके दिवशी ११०० किलोची प्रेस ट्रकवरून उतरवत होतो. बूम वरच्या कोनात, बराच बाहेर. अचानक सीट खालून ढकलल्यासारखी वाटली. मागं वळून बघितलं तर पोरं लांब पळत होती : मागची दोन्ही चाकं जमिनीपासून वीतभर वर. अशा वेळी हात आपोआप बूम खाली घ्यायच्या लिव्हरकडं जातो. माझाही गेला. पण बूम वरच्या कोनात असेल तर तो खाली आणताना वजन आणखी पुढं जातं, म्हणजे मशिन हमखास आडवं होतं. करायचं ते उलट. बूम आत ओढायचा, हळू. देवानं बुद्धी दिली म्हणा किंवा घाबरून दुसरी लिव्हर हाताला लागली म्हणा, मी आत ओढला. चाकं टेकली. संध्याकाळी मागच्या एक्सलवरचं झाकण काढलं तर आत सेन्सरच्या दोन तारा पिळून टेप मारलेली. त्या सेन्सरचं काम असतं मागच्या एक्सलवरचं वजन कमी झालं की केबिनमध्ये पिवळा, मग लाल दिवा लावायचा आणि बोंब ठोकायची. आधीच्या मालकाला बोंब आवडत नसावी. त्या दोन महिन्यांत पिवळा दिवा एकदाही लागला नाही, आणि मला वाटत होतं मशिन फार ताकदीचं आहे.

म्हणून बघायला जाल तेव्हा हे आधी करा. किल्ली फिरवल्यावर ते दिवे एकदा सगळे लागून विझतात का बघा. मग वजन जमिनीपासून वीतभरच वर ठेवून बूम हळूहळू पुढं काढा. पिवळा लागला पाहिजे. वीतभर यासाठी, की काही झालंच तर वजन टेकेल. दिवाच नसेल, किंवा ‘त्याचं काय काम नसतं साहेब’ असं ऐकलंत, तर समजून जा.

आता क्रमाने सांगतो. सकाळी जा, आणि जाताना फोन करून ‘चालू करू नका’ असं सांगू नका, कारण सांगितलंत की ते मुद्दाम चालू करून ठेवतात. गेल्या गेल्या इंजिनच्या ब्लॉकला हात लावा. एका सॉ-मिलवाल्यासाठी मी मशिन बघायला गेलो होतो, सकाळी आठला, गेटवरचं कुलूप माझ्यासमोर उघडलं, आणि इंजिन चहाच्या किटलीसारखं गरम. बोललो काही नाही. ‘उद्या येतो’ म्हणून निघालो आणि दुसऱ्या दिवशी साडेसहाला दारात. थंड इंजिन तीन मिनिटं नुसतं खोकत होतं, पांढरा धूर एवढा की कुत्री उठली. सौदा दीड लाखाने खाली आला.

तासांच्या मीटरवर विश्वास ठेवू नका, अविश्वासही नको. मीटर बदलता येतं, पण पेडल कोणी बदलत नाही. ३,८४० तासांच्या मशिनला ब्रेक पेडलच्या रबराची एक कड झिजलेली असते, लिव्हरची मूठ गुळगुळीत झालेली असते, सीटची डावी कड, जिथून माणूस चढतो-उतरतो, ती फाटायला आलेली असते. रबर पार लोखंडापर्यंत गेलेलं असेल तर मीटर खोटं. रबर नवं असेल तर आणखी खोटं.

रंगाबद्दल. नवा रंग गुन्हा नाही, आपणही दिवाळीला घराला देतो. पण तो कुठं दिलाय ते बघा. ग्रीसच्या निप्पलवर रंग चढलेला असेल तर रंग दिल्यापासून तिथं ग्रीस गेलेलं नाही. होज पाइपवर, रबरावर रंग असेल तर घाईघाईत फवारा मारलाय. बूमचं टोक जिथं खाली वाकतं तो भाग आणि मागं बूम चासीला जिथं पिनवर अडकतो तो भाग, हे दोन्ही डिझेलच्या फडक्याने पुसा आणि मोबाइलचा टॉर्च आडवा धरा. वेल्डच्या कडेने केसासारखी रेघ, त्यात गंजाचा लाल पाझर, म्हणजे तडा. तडा गेलेला बूम मी वेल्ड करून देत नाही, कोणी पाया पडलं तरी.

बूम पूर्ण बाहेर काढून जमिनीला समांतर ठेवा. आतल्या आणि बाहेरच्या बूममध्ये नायलॉनसारखे ठोकळे असतात, वेअर पॅड. दोघं जण टोकाला धरून वरखाली, डावी-उजवीकडं हलवा. थोडा खेळ चालतो, पॅडमागं पत्रीची शिम घालून तो काढता येतो, पॅडही बदलता येतात. पण पॅड संपल्यावरही कोणी मशिन हाकलं असेल, तर आतल्या बूमच्या अंगावर लांबच्या लांब खोबण पडते. ती बोटाला लागते. तिला औषध नाही.

मग फोर्क जमिनीला टेकवून बूम खाली दाबा, पुढची चाकं किंचित उचलेपर्यंत. परत सोडा. असं चार वेळा कोणाला तरी करायला लावा आणि तुम्ही पिनांकडं बघत उभे राहा. पिन आधी हलते आणि बूम नंतर, असं दिसलं तर पिन-बुश गेले. ते काम होण्यासारखं आहे, फक्त किमतीत धरा. एकच विनंती, उचललेल्या बूमखाली डोकं घालून बघू नका. पिना बाजूनेही दिसतात.

सगळ्यात महत्त्वाची परीक्षा मी शेवटी घेतो, मशिन तासभर चालून ऑइल गरम झाल्यावर. तुमची भरलेली एक बॅग गाडीत घालून घेऊन जा. हसू नका, मी खरंच सांगतोय. विक्रेत्याकडचं वजन त्याच्या सोयीचं असतं. बॅग लावा, दोन मीटर उचला, बूम अर्धा बाहेर काढा, इंजिन बंद. आतला बूम जिथून बाहेर येतो तिथं खडूने रेघ मारा, आणि बॅगेच्या बुडख्यापासून जमिनीपर्यंत टेप लावून आकडा लिहून ठेवा. आता दहा मिनिटं चहा घ्या. परत आल्यावर पाच-दहा मिलिमीटर फरक असेल तर ऑइल थंड होताना तेवढं होतं. बॅग चार बोटं खाली आली असेल तर मोठ्या सिलिंडरचं सील किंवा त्याच्यावरचा वजन धरून ठेवणारा व्हॉल्व्ह गेला. खडूची रेघ आत शिरली असेल तर आतल्या सिलिंडरचं तेच दुखणं. सील किट स्वस्त असतं. सिलिंडरच्या रॉडवर चरे पडले असतील तर रॉड घासून पुन्हा हार्ड क्रोम चढवून घ्यावा लागतो, ते स्वस्त नसतं.

त्याच गरम ऑइलवर गिअर बघा. थंड असताना सगळे पुढं-मागं झटकन जातात. गरम झाल्यावर रिव्हर्स टाकला आणि मशिन दोन-तीन सेकंद विचार करत बसलं, तर ट्रान्समिशन उघडायची तयारी ठेवा. तो खर्च ऐकून माणूस खाली बसतो. स्टिअरिंगचे तीनही प्रकार चालवून बघा, पुढची दोन चाकं, चारही, आणि खेकड्यासारखं तिरकं. परत सरळ केल्यावर मागची चाकं सरळ आली का, हे उतरून बघा. चाकांच्या मधल्या हबमधून ऑइलची लाळ गळते का तेही. चारही टायर एकाच मापाचे हवेत. भाव दुकानातून विचारूनच जा, म्हणजे तिथल्या तिथं वजा करता येईल.

तुमच्या धंद्यापुरती एक वेगळी गोष्ट. मुरघासाचं पाणी आंबट असतं, पीएच ४ च्या आसपास. ते लोखंड खातं. आणि कुट्टीची धूळ रेडिएटरमध्ये आणि इंजिनच्या पोटाखाली साचते, सायलेन्सरजवळ साचली तर पेटते. रोज संध्याकाळी हवा मारा, आठवड्याला पाण्याने धुवा, धुतल्यावर ग्रीस. हे जमणार नसेल तर पाच वर्षांनी हेच मशिन विकताना नवा रंग तुम्ही द्याल.

आता नाशिकचं. लहान मशिन तुमच्या शेडला जास्त शोभतं हे खरं. दोन मीटरच्या आतली रुंदी, उंचीही तेवढीच, ४० फुटांत गोल फिरतं. पुण्याचं त्याहून रुंद आहे, पण तुमच्या १० फुटी दारातून ते जातं, आत दोन वेळा पुढं-मागं करावं लागेल इतकंच. कागद नसलेलं मशिन मात्र मी फुकट दिलं तरी घेणार नाही. बाहेरून आलेल्या मशिनचं बिल ऑफ एंट्री मागा, ती आयातीची जन्मपत्रिका. ती नाही तर पुढचं काहीच नाही. शिवाय लहान परदेशी मशिनला बहुतेक वेळा हायड्रोस्टॅटिक ड्राइव्ह (पंपाच्या ऑइलच्या दाबावर चाकं फिरवणारा) असतो. चालवायला लोण्यासारखा, पण पंप गेला आणि पार्ट इथं मिळत नसेल तर ते मशिन तुमच्या आवारात आंब्याच्या झाडासारखं उभं राहील. फक्त आंबे येणार नाहीत. मी घ्यायचं ते मशिन, ज्याचा फिल्टर मला त्याच दिवशी बारामतीत किंवा पुण्यात काउंटरवर मिळतो. २०१६ चं मशिन इंजिनच्या बाबतीतही बरं. १ एप्रिल २०२१ पासूनच्या धुराच्या नियमांआधीचं, इलेक्ट्रॉनिक्स कमी. तालुक्यातला चांगला डिझेल मिस्त्री ते हाताळतो.

पुण्याच्या मशिनचेही कागद बघाच. आरसी बुकावरचा चासी नंबर मशिनवर ठोकलेल्या नंबराशी जुळवा, फोटोवरून नाही, स्वतः पुसून. वाहन पोर्टलवर कर्जाचा बोजा दिसतो. असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय विसार देऊ नका. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० लागतात, दुसऱ्या आरटीओचं मशिन असेल तर फॉर्म २८ ची एनओसी. ‘नंतर करू’ याचा अर्थ मराठीत एकच होतो.

माझं मत विचाराल तर : सगळं वर सांगितल्याप्रमाणे निघालं तर पुण्याचं, साडेअकरा लाखांना, आणि लाखभर पहिल्या सर्व्हिसला बाजूला. सगळे फिल्टर, हायड्रॉलिक ऑइल आणि जुने होज पहिल्याच आठवड्यात बदला, आधीच्या मालकाने परवाच बदललेत असं शपथेवर सांगितलं तरी. बॅग उघड्या फोर्कवर टांगू नका. फोर्कची कड पट्टे कापते आणि बॅग झोके खाते. हूक किंवा जिब घ्या. आणि बॅग घेऊन चालताना ती गुडघ्याच्या उंचीवर ठेवा.

प्रश्न : मडगावजवळ आमचा चिऱ्यांचा आणि सिमेंटच्या पाइपांचा डेपो आहे. गेल्या वर्षी जुना टेलिहँडलर घेतला. पावसाआधी शेडचे पत्रे बदलायचे आहेत. फोर्कवर लाकडी पॅलेट ठेवून दोन माणसं वर चढवली तर चालेल का? सगळे तसंच करतात.

उत्तर : नाही. सगळे करतात हे मलाही माहीत आहे. माणसं उचलायची तर त्याचा वेगळा पिंजरा येतो, फोर्कला पक्का अडकणारा, कठड्याचा, आणि मशिन त्या कामासाठी तयार केलेलं लागतं. तुम्ही मशिन जुनं घेतलंय, म्हणजे त्याचा होज कधी फुटेल हे ना तुम्हाला ठाऊक ना मला. पत्र्यांना परांची बांधा. पत्रे वर पोचवायला मशिन जरूर वापरा.

तुम्ही विचारलं नाही तरी, समुद्राजवळच्या मशिनला वायरिंगच्या जोडांत हिरवं धरतं. पत्रे झाले की पुढच्या पावसाआधी सगळे कनेक्टर एकदा उघडून साफ करून घ्या.

प्रश्न : मी सिन्नरला बांधकाम साहित्याचं दुकान चालवते, एएसी (हलक्या काँक्रीटच्या) ब्लॉकचे पॅलेट उचलायला टेलिहँडलर आहे. फोर्क वाकतो तिथं, आतल्या कोपऱ्यात, खालून झिजलाय. आमचा वेल्डर म्हणतो भर टाकून देतो, नव्यासारखा होईल. टाकू का?

उत्तर : ताई, वेल्डरला चहा पाजून परत पाठवा. फोर्क ताव दिलेल्या पोलादाचा असतो. त्याच्यावर वेल्डिंगची आंच बसली की नेमका तोच कोपरा ठिसूळ होतो, जिथं सगळं वजन येतं. आधी माप घ्या. फोर्कच्या उभ्या भागाची जाडी कॅलिपरने मोजा, तिथं झीज नसते, ते मूळ माप. मग कोपऱ्याची आडवी जाडी मोजा. उभा ४० मिलिमीटर आणि कोपरा ३६ भरला तर १० टक्के झीज झाली. त्या १० टक्क्यांनी फोर्कची ताकद २० टक्के जाते, आणि तिथं तो बाद. दोन्ही एकदम बदला, जोडीने. आणि तुमच्या ऑपरेटरला फोर्क जमिनीला घासत पॅलेटखाली घालायची सवय आहे का, ते एक दिवस दुकानाच्या दारातून बघा. कोपरा त्यानेच झिजतो.